सहाव्या घराचं माप

यशोधनच्या पत्राला सतीशरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र येऊन सात महिने झाले होते. आजकाल हाताने पत्र कोण लिहितं? पण काकांना पत्रांची आवड आहे हे यशोधनला ठाऊक होतं, म्हणून त्याने मुद्दाम आखीव कागदावर, निळ्या शाईने, मराठीत लिहिलं होतं. मजकूर जेमतेम अर्धं पान.

‘काका, आमच्या नेमबाजीच्या क्लबातला वाउटर माझ्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतुसं करून द्यायला तयार आहे. दीडशे वर्षांची म्हातारी आहे, तिला बार सोसेल ना? एका ओळीत कळवलंत तरी पुरे.’

एका ओळीचंच काम होतं. ती ओळ सतीशरावांच्या हातून उतरली नाही. पत्र घडी घालून त्यांनी एका जाड शब्दकोशात ठेवलं आणि त्या दिवसापासून तो शब्दकोश उघडणं टाळलं. शब्द अडला तर शेजारचा लहान कोश काढायचे.

सतीशराव आता पंचाहत्तरीला आले होते. तिशीत पुण्याहून डचांच्या मुलखात, आइंडहोवनला आले ते एका कारखान्याच्या ग्रंथालयात नोकरी धरून, आणि पुढे शेजारच्या फेल्डहोवनला घर करून राहिले. त्या ग्रंथालयात कुणा जुन्या साहेबाने दिलेली दोन कपाटं होती, सगळी जुन्या बंदुका-पिस्तुलांवरच्या पुस्तकांची. त्यांना कुणी हात लावत नसे. सतीशराव डबा खाता खाता ती वाचायला लागले आणि वाचता वाचता जाणकार होऊन बसले. नळीवरचा ठसा, मुठीचं लाकूड, स्क्रूचं डोकं बघून हत्यार कुठलं, कुठल्या सालचं, काय किमतीचं, हे ते सांगू लागले. संग्राहक मंडळी लांबून विचारायला येत. त्यांनी लिहून दिलेल्या कागदाला मान होता. इतकं असून त्यांनी जन्मात एकदाही चाप ओढला नव्हता. फटाक्याच्या आवाजानेही ते दचकत.

“वरणभात खाणारा पिस्तुलांचा वैद्य,” असं शोभाताई, त्यांच्या पत्नी, चारचौघांत म्हणत, आणि सतीशराव लाजून चष्मा पुसत.

दोन वर्षांपूर्वी यशोधन ते रिव्हॉल्व्हर घेऊन आला होता. तो नात्याचा नव्हे; संगणकाच्या चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यातला इंजिनिअर. पहिली पाच वर्षं त्यांच्याच गल्लीत राहायचा, नंतर रॉटरडॅमजवळच्या कापेलला गेला. आईवडील लांब, त्यामुळे दिवाळीचा पहिला फराळ शोभाताईंच्या हातचा. त्याने जेवणाच्या टेबलावर फडकं पसरलं आणि त्यावर ते जड, काळपट हत्यार ठेवलं.

“काका, पोलिसांचे कागद झालेत, घाबरू नका. आता हिची जन्मपत्रिका मांडा.”

सतीशरावांनी मांडली. डच लष्कराचं, मास्ट्रिख्टमध्ये घडवलेलं, आता कुणी वापरत नाही अशा मापाचं, सहा काडतुसांना सहा घरं असलेलं रिव्हॉल्व्हर. सांगाड्यावरचा आकडा आणि नळीवरचा आकडा जुळला. मग त्यांनी काडतुसांची चक्री सोडवून घेतली आणि व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची सरकपट्टी, लावून एकेक घर मोजलं. पाच घरं पुस्तकातल्या मापाशी तंतोतंत जुळली. सहावं दोन दशांश मिलिमीटरने रुंद भरलं.

त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच. तिसऱ्यांदा मोजलं. तेवढंच. कधीतरी कुणीतरी त्या घरात जास्त दारू ठासली असणार आणि पोलाद आतून फुगलं असणार. त्याशिवाय असं होत नाही, आणि असं घर पुढच्या बाराला फुटू शकतं. हे त्यांनी पुस्तकातच वाचलं होतं. तरी मनात पहिला विचार आला तो असा, की माझाच हात थरथरतोय. मी काय हत्यारं हाताळलेला माणूस आहे? समोर यशोधन लहान मुलासारखा टेबलावर वाकून बघत होता. “सगळं ओरिजिनल आहे ना काका? मी पैज लावलीय क्लबात.”

सतीशरावांनी आपल्या वहीत खरी मापं लिहिली, सहाही. यशोधनला द्यायच्या कागदावर मात्र सहाव्या घरापुढे पुस्तकातलं माप लिहिलं. खाली किंमत लिहिली, सही केली. शोभाताईंनी खरवस आणला. विषय संपला.

विषय संपला नव्हता हे पत्राने कळलं. ‘नाही’ लिहायचं तर ‘का नाही’ हेही लिहावं लागणार. आणि ते लिहायचं तर स्वतःचा कागद खोटा ठरवावा लागणार. उद्या लिहू, परवा लिहू, असं करता करता सात महिने गेले. उत्तर गेलं नाही म्हणजे तो उडवणार नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

मग एका शनिवारी सकाळी चहा घेताना शोभाताई फोनमध्ये बघत म्हणाल्या, “अहो, तुमच्या यशोधनचा फोटो बघा. म्हातारीचा चौथा शनिवार, लिहिलंय. केवढा धूर तो! आज दुपारी पुन्हा आहे म्हणे, या सगळे.”

सतीशरावांनी कप खाली ठेवला. “चौथा?”

“हो. का?”

“फोन लाव त्याला. आत्ता.”

फोन लागला, पण कुणी उचलला नाही. सतीशराव तोवर कोट घालत होते.

“अहो, झालं काय? टोपी तरी घाला!”

“त्याला लिही, काका येतायत, ते आल्याशिवाय उडवू नकोस.”

बसने आइंडहोवन, आगगाडीने रॉटरडॅम, तिथून मेट्रो. वाटेत ते एकच गोष्ट करत होते: यशोधनचा उजवा हात डोळ्यांपुढे येत होता तो हटवत होते. त्याच हाताने तो फराळाचा डबा धुऊन परत आणून द्यायचा, कधी विसरला नाही.

क्लब म्हणजे औद्योगिक वसाहतीतली एक बसकी विटांची इमारत होती. आत कॉफीचा आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा वास. यशोधन धावत पुढे आला, बारांचा आवाज अडवणारे कानांवरचे मोठे मफ गळ्यात लोंबत होते.

“काका! काकूंचा मेसेज पाहिला आणि थांबलो. तुम्ही चक्क बार ऐकायला आलात? याची नोंद करायला हवी कुठेतरी!”

“तू उडवलंस,” सतीशराव म्हणाले. “मी उत्तर दिलं नव्हतं.”

“म्हणूनच तर! नाही म्हणायचं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी कळवलं असतंत. एवढं ओळखतो मी तुम्हाला. आणि तुमचा कागद आहेच की.” त्याने पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेला तो कागद काढून दाखवला.

“मला एकदा मोजू दे,” ते म्हणाले.

वाउटर टेबलापाशीच होता. सत्तरीचा, उंच, शिशाच्या डागांनी बोटं काळी झालेला. या जुन्या मापाची काडतुसं बाजारात मिळत नाहीत. तो दुसऱ्या काडतुसांची पितळी टरफलं कापून, शिसं ओतून, काळी दारू चिमटीचिमटीने तोलून ती घरी बनवायचा. चाळीस वर्षं क्लबातल्या सगळ्या म्हाताऱ्या हत्यारांना तोच दाणापाणी घालत होता. त्याने हसत आपलं व्हर्निअर पुढे केलं, पण सतीशराव अजून कोटाची बटणंच काढतायत हे पाहून स्वतःच मोजायला घेतलं.

एक, दोन, तीन, चार, पाच. ठीक. सहाव्याला तो थांबला. पुन्हा लावलं. मग शेजारी ठेवलेला कागद पाहिला.

“दोन दशांश जास्त,” तो डचमध्ये हळूच म्हणाला. “तुमच्या कागदावर सगळी सारखी आहेत.”

दोन दशांश. दोन वर्षांपूर्वी होते तेवढेच, केसाइतकाही फरक नाही. म्हणजे वाउटरच्या काडतुसांनी काही केलं नव्हतं. घर आधीच फुगलेलं होतं आणि चार शनिवार नशिबाने टिकलं होतं. ही गोष्ट त्या खोलीत फक्त एका माणसाला माहीत होती.

“म्हणजे आमच्या बारांनी फुगलं,” यशोधन म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. “वाउटर, आणखी एखादा बार टाकला असता तर...”

वाउटर खुर्चीत बसला. “मी प्रत्येक दाणा तोलतो,” तो म्हणाला. मग स्वतःशीच, “तोलायचो. डोळे आता पूर्वीसारखे नाहीत.”

क्लबाची सुरक्षा बघणाऱ्या बाई आल्या. त्यांनी कागद वाचला, माप वाचलं, वाउटरच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की चौकशी होईपर्यंत त्याने कुणासाठीही काडतुसं भरू नयेत. आवाज चढला नाही, वाद झाला नाही. वाउटरने आपला छोटा पितळी तराजू पेटीत ठेवला, पेटीला कडी घातली आणि ती घेऊन तो गेला. जाताना सतीशरावांशी हात मिळवून म्हणाला, “तुम्ही आलात हे फार बरं झालं, महाशय. त्या मुलाचा हात गेला असता.”

सतीशरावांनी तोंड उघडलं. भोवती सातआठ माणसं कौतुकाने बघत होती. त्यांनी तोंड मिटलं.

स्टेशनवर यशोधनने वाकून नमस्कार केला, भर फलाटावर. सतीशराव मागे सरले. “अरे नको, नको,” एवढंच म्हणाले. त्याला वाटलं, काका नेहमीसारखे लाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाताईंच्या फोनवर उंचावलेल्या अंगठ्यांच्या आणि हारांच्या चित्रांचा पाऊस चालू होता. “घ्या, वैद्यबुवा! यशोधनने सगळ्यांना कळवलंय. ग्रोनिंगनपासून लोक विचारतायत, काकांना कळलं कसं म्हणून. दिव्यदृष्टी, असं कुणीतरी लिहिलंय.”

सतीशरावांनी मोठा शब्दकोश काढला होता. त्यातलं पत्र टेबलावर होतं आणि पत्राशेजारी वही, दोन वर्षांपूर्वीच्या पानावर उघडलेली.

“शोभा, इकडे ये. हे वाच.”

शोभाताईंनी आकडे वाचले. त्यांना मापातलं काही कळत नव्हतं, पण तारीख कळत होती. त्या खुर्ची ओढून बसल्या. बराच वेळ फोन वाजत राहिला तरी त्यांनी तो पाहिला नाही.

“तुम्हाला तेव्हाच माहीत होतं,” शेवटी त्या म्हणाल्या.

“माहीत होतं असं नाही... मला वाटलं, माझंच मोजणं चुकलं असेल.”

“तीनदा मोजलंय की. तीन रकाने आहेत इथे.”

“हो.”

“आणि तो दुसरा म्हातारा घरी बसलाय, आपले डोळे गेले समजून.”

सतीशराव चष्मा पुसायला लागले.

शोभाताईंनी वही त्यांच्यापुढे सरकवली. “मग यात जे काय लाजायचं ते मागाहून लाजा. आधी लिहा. आणि डचमध्येही एक प्रत करा, त्याला आपलं मराठी कुठून कळणार?”

“यशोधन पुन्हा पाऊल ठेवायचा नाही इथे.”

“नाही ठेवणार कदाचित,” शोभाताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “लिहा.”

सतीशरावांनी चार मसुदे फाडले. पहिल्यात दोन पानं माफीची झाली होती आणि वाउटरचं नाव तिसऱ्यावर आलं होतं. पाचव्यात त्यांनी माफी गाळली आणि ते नाव पहिल्याच पानावर घेतलं.

‘चि. यशोधन, अनेक आशीर्वाद. तुझ्या पत्राचं उत्तर: नाही. तिला बार सोसणार नाही. सहावं घर तू माझ्याकडे आणलंस त्या दिवशीच फुगलेलं होतं. माझ्या वहीचं पान सोबत जोडतो. वाउटरच्या काडतुसांत काही दोष नाही. काल भरलेलं माप आणि हे माप एकच आहे, हे क्लबात सर्वांना दाखव. तुला दिलेल्या कागदावरचा सहावा आकडा मी मोजलेला नाही, पुस्तकातून उतरवलेला आहे. तो कागद फाडून टाक. यापुढे मी कुणालाही असा कागद देणार नाही. हे मला काल सर्वांसमोर सांगता आलं असतं. सांगितलं नाही.’

सही करून त्यांनी वहीचं पान पट्टी धरून फाडलं. पन्नास वर्षांत कुठल्याही वहीचं, कुठल्याही पुस्तकाचं पान त्यांनी फाडलं नव्हतं. डच प्रत केली, एका जागी व्याकरण शंकास्पद वाटलं, तरी कोश उघडला नाही.

टपालपेटी कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटजवळ होती, नारिंगी रंगाची. रविवार असल्यामुळे पत्र उद्याशिवाय उचललं जाणार नव्हतं. एक सायकलवाली बाई घंटी वाजवून गेली आणि ते बाजूला झाले. पाकिटाची दोन टोकं त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. पत्ता पुन्हा वाचला. कापेल आन डेन आयसेल, घर क्रमांक बरोबर. तिकीट लावलेलं. मग त्यांनी पाकीट फटीत सरकवलं, आत पडल्याचा आवाज ऐकला आणि तरीही झाकण उचलून एकदा हात घालून पाहिला. हाताला काही लागलं नाही.