किल्ल्यांच्या वहीतली धाकटी मावशी

मनोरुग्णालयाच्या ऑफिसात ती बाकावर बसली होती, म्हणजे नुसती शरीराने. समोर क्लार्क बोलत होता, शेजारी लेक धुसफुसत होती, आणि तिचं लक्ष पंख्याच्या तिसऱ्या पात्यावरच्या धुळीकडे.

पेन्शनला दहा वर्षं लागतात. बायकांच्या वॉर्डात तिने अकरा काढली होती, पण पहिली चार रोजंदारीवर. त्या वर्षांची हजेरीवही कुठे गडप झाली कोणास ठाऊक. उरली ती फक्त किल्ल्यांची वही. वॉर्डाला कायम कुलूप, त्यामुळे ड्युटीवर येणाऱ्याने किल्ली घेऊन वहीत सही करायची.

"सगळीकडे 'धाकटी मावशी'," क्लार्क पानं उलटत म्हणाला. "नाव कुठंय?"

"नाव लिहायचं नाही, असं थोरल्या सिस्टरनी सांगितलं होतं," ती म्हणाली. "एक पेशंट बरी होऊन गेली आणि नावावरून पत्ता काढत, गादी गुंडाळून थेट एका नर्सच्या घराच्या दारात. त्यानंतर वॉर्डात सगळ्या मावश्याच."

"सिस्टर आहेत का साक्षीला?"

"गेल्या त्या."

"मावशी, मला पटतंय हो. पण ऑडिटवाले माझं डोकं खातील."

"आई, बँकेतही अशीच सही करतेस का गं?" लेक म्हणाली. लेकीच्या या टोमण्यावर ती हसली नाही. हसावं असं आत काही हललंच नाही.

क्लार्कने एक फॉर्म पुढे सरकवला. "एकरकमी घ्या आणि पेन्शनवरचा हक्क सोडा. बघा, मी काही जबरदस्ती करत नाही."

"आई, घरी जाऊन विचार करू," लेक म्हणाली.

पण तिने पेन उचललंसुद्धा. मन सुन्न होतं. हात मात्र आपल्या जुन्या वळणाने गेला.

क्लार्कने फॉर्म फिरवून पाहिला. "अहो, हे काय? इथेही धाकटी मावशी? फॉर्म वाया घालवलात की."

"चुकलं. दुसरा द्या."

तो ड्रॉवर उघडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग सावकाश तो फॉर्म त्याने वहीच्या पानाशेजारी ठेवला. 'ध'ची तीच उलटी गाठ, 'शी'च्या वेलांटीची तीच लांब शेपटी, चार वर्षांच्या प्रत्येक पानावर.

लेकीने मान पुढे घातली आणि दोन्ही सह्यांवरून बोट फिरवलं.

"हा फॉर्म मी ठेवून घेतो," क्लार्क म्हणाला. "उद्या साहेबांना दाखवतो. अक्षर तपासायला पाठवतील बहुतेक. वचन देत नाही हं."

"मग मी आता सही कुठे करू?"

"आज कुठेच नको, मावशी."

तिने मान डोलावली. उठताना सवयीने डावा खिसा चाचपला. किल्ली नव्हती, तरी दाराबाहेर पडल्यावर ती कुलूप लावायचं असल्यासारखी क्षणभर थांबली.