शेठ, बसून दाखवा

त्या माणसाचं वाटोळं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई मनाने फार चांगली होती. मी गाडी चालवायला शिकवते. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि आपल्या पायाखाली फक्त एक जादा ब्रेक, अशी दिवसभर बाजूच्या सीटवर बसते. या धंद्यात चांगुलपणा परवडत नाही. शिकणारा पुढच्या वळणावर काय घोळ घालणार ते मला त्याच्या मानेवरून कळतं. गोडबोल्याची मान मात्र मला वाचता आली नाही, कारण ती कायम लवलेली असायची.

गोडबोल्या हे मीच ठेवलेलं नाव. गावाला तो शेठ. मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. पुढे धुऊनपुसून चकचकीत केलेल्या गाड्यांच्या रांगा, मागे काचेची केबिन, केबिनमध्ये तो आणि एका कोपऱ्यात त्याची बायको. ती येणाऱ्याला सरबत द्यायची, किल्ल्या काढून द्यायची आणि गप्प बसायची. माझी जुनी गाडी शिकणाऱ्यांनी क्लच दाबून दाबून पार कामातून घालवली होती, म्हणून मी त्याच्याकडे गेले. नणंदेकडे एक राखाडी गाडी होती, कधी कुरकुर नाही. अगदी तसलीच, त्याच रंगाची गाडी त्याच्या पहिल्या रांगेत उभी दिसली आणि मी मनातल्या मनात ती घेऊनही टाकली.

"ताई, एका आजींची गाडी आहे," तो म्हणाला. "बागेपर्यंत जायच्या आणि परत यायच्या. साधा ओरखडा नाही. तुम्ही मला बहिणीसारख्या, तुम्हाला मी फसवेन होय?"

मी तिला दोन-चार रस्ते फिरवून आणली. छान चालली. आतमध्ये अत्तराचा वास इतका होता की आजी बागेत नसून लग्नाला जात असाव्यात. मी हसून तसं म्हणाले, तोही पोट धरून हसला.

गाडी विकली की गिऱ्हाइकाच्या हातात पुठ्ठ्याची भलीमोठी सोनेरी किल्ली देऊन फोटो काढायचा, अशी त्याची पद्धत. मग तो फोटो केबिनच्या भिंतीवर. माझाही लागला, सगळे दात दाखवत. माझ्या शेजारच्या फोटोवर बोट ठेवून तो म्हणाला, "हा माझा मेव्हणा. घरच्या माणसालासुद्धा इथलीच गाडी दिली आहे ताई. याहून मोठी खात्री काय देऊ?"

बायको तेव्हा पहिल्यांदा बोलली. "तुम्ही बायकांना शिकवता ना? मलाही शिकायचं आहे."

"हिला?" शेठ सगळ्या गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला. "हिला साधं कुलूप उघडायला दोन्ही हात लागतात!" लोक हसले. तीही हसली, आणि सरबताचे पेले उचलून आत गेली. मला ते आवडलं नव्हतं, पण गाडी आवडली होती.

माझ्याकडे एक नर्स शिकायला येत होती. ड्यूटी संपवून यायची, डोळ्यांत झोप असायची, पण आरसे बघायला कधी चुकायची नाही. माझ्या सगळ्या शिकणाऱ्यांत गुणी तीच. शाळेच्या भिंतीजवळचं वळण ती अगदी हळू, व्यवस्थित घेत होती. एवढ्यात खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, पुढचं चाक आत दुमडलं आणि गाडी सरळ भिंतीवर. मी ब्रेक दाबला, पण नुसता ब्रेक काय करणार? तिच्यासमोर एअरबॅगची जी हवेची पिशवी उघडायला हवी होती ती उघडलीच नाही. तिच्या खांद्याजवळचं हाड मोडलं, तोंड स्टिअरिंगवर आपटलं. ती रडत नव्हती. उलट मलाच विचारत होती, "मॅडम, माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मेकॅनिकने गाडीतला गालिचा उचलला तर खाली, बरोबर मधोमध, जाड वेल्डिंगची रेघ. दोन गाड्या. एकीचं तोंड, दुसरीची पाठ, आणि वरून राखाडी रंग. हवेच्या पिशवीच्या जागी जुन्या चिंध्या कोंबलेल्या होत्या. विम्याचा माणूस बघायला आला, तो तर कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, "बाई, पुढचा अर्धा भाग ज्या गाडीचा आहे ती विमा कंपनीने कधीच मोडीत काढली आहे. आमच्या लेखी ही गाडी मेलेली आहे."

मी तडक आवारात गेले. गोडबोल्याने मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, सगळं ऐकून घेतलं आणि मग मोठ्याने, चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ताई, इथून गेली तेव्हा गाडी ठणठणीत होती. ब्रेक तर तुमच्या पायाखाली होता ना? आता चूक होते माणसाची. मी कुठे काही म्हणतो?"

तो काही म्हणत नव्हता, पण गाव म्हणायला लागलं. बाईंना वेळेवर ब्रेक लावता आला नाही. बाई फोनवर बोलत होत्या. बाईंचं आता वय झालं. एकेक शिकणारी गळाली. आया मुलींना दुसरीकडे पाठवायला लागल्या. नर्स कामावरून घरी बसली, हात गळ्यात अडकवून, आणि तिलाही वाटायला लागलं की चूक तिचीच असणार. वकील म्हणाला, दावा लावू, वेळ लागेल. वेळ माझ्याकडे हवा तेवढा होता, शिकायला येतंय कोण? धीर नव्हता. मला निकाल नको होता. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, त्याच्या आवारात, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर. आणि वर माझा दात काढून हसतानाचा फोटो अजून त्या भिंतीवर होता. त्याची जाहिरात करत होता!

शेवटी मी नणंदेकडे गेले आणि सुट्टीच्या दिवसापुरती तिची गाडी मागितली.

"कशाला?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने सगळं ऐकलं, आत गेली, किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "गाडीला ओरखडा नको. त्याला पडला तर पडू दे."

मोडकी गाडी माझ्या घरामागे ताडपत्रीखाली होती. ती मी भंगारात दिली नव्हती. दिली असती तर त्याच्यासारख्याच कुणीतरी ती पुन्हा तोंड लावून विकली असती. तिच्या टपावरची माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची पिवळी पाटी मी काढली आणि नणंदेच्या गाडीवर बसवली. दारावर 'शिकाऊ'चे कागद चिकटवले. सीटची कव्हरं धुतली, पण एका कव्हरावरचा रक्ताचा डाग गेला नाही. ते मुद्दाम पुढच्या सीटवर घातलं. नंबरच्या पाटीला हात लावला नाही. जो माणूस गाडीला फक्त रंग समजतो तो नंबर कशाला बघेल?

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याच्या आवारात मुंगीला शिरायला जागा नसते. मी गाडी थेट केबिनच्या तोंडाशी नेऊन उभी केली आणि हॉर्न दाबून धरला. गोडबोल्या एका नव्या जोडप्याचा फोटो काढायच्या तयारीत होता, सोनेरी किल्ली हातात घेऊन. गाडी बघितली आणि त्याचं हसू जागच्या जागी थिजलं. जोडलेली गाडी पुन्हा जोडता येते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"शेठ," मी म्हणाले, आणि आवाज असा लावला की शेवटच्या रांगेतला माणूसही वळला, "माफी मागायला आले आहे. तुम्ही म्हणालात गाडी ठणठणीत होती, चूक माझीच होती. पटलं मला. तुमचीच गाडी, दुरुस्त करून आणली. आता सगळ्यांसमोर एक फेरी मारू. मी चालवते, तुम्ही बाजूला बसा. घाटाच्या उतारावरून खाली आणि परत. जरा जोरात नेऊ, म्हणजे लोकांची खात्री पटेल."

"छे छे, ताई," तो म्हणाला, "माफी कसली! आत या, सरबत घ्या."

"सरबत आल्यावर. आधी बसा."

"आज गर्दी आहे हो."

"उलट बरं. एवढी माणसं बघतील आणि तुमचा माल खपेल."

"माझी कंबर धरली आहे कालपासून..."

फोटोसाठी उभा राहिलेला नवरा आपल्या बायकोकडे बघायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो शेठ, बसा की! तुमचीच गाडी आहे ना?" चारजण हसले. त्याच्या कपाळावर घाम आला आणि मला इतका आनंद झाला की काय सांगू. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मी तिथेच थांबायचं ठरवलं होतं. तो बसायला नकार देणार, लोक बघणार, आणि मी माझा फोटो भिंतीवरून काढून घेऊन घरी जाणार, एवढाच माझा बेत होता. पण केबिनचं दार उघडलं. त्याची बायको बाहेर आली, पदराला हात पुसत.

"यांची कंबर दुखते आहे तर मी बसते," ती म्हणाली. "किती दिवसांपासून म्हणते आहे, मला शिकायचं आहे." आणि कुणाला काही कळायच्या आत ती गाडीत माझ्या बाजूला येऊन बसली. दार लावलं. पट्टा ओढून खटकन बसवला. मीही गडबडले, पण मी किल्ली फिरवली.

"उतर!" तो ओरडला. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, त्यात साखर औषधालाही नव्हती. तो धावत येऊन बोनेटवर हात आपटायला लागला. "उतर म्हणतो ना! मरशील! ती जोडलेली आहे, दोन गाड्यांची आहे ती, उतारावर उभी फाटेल! पिशवीबिशवी काही नाही त्यात, मीच काढली! अगं, उतर!"

फोटोसाठी उभ्या राहिलेल्या नवऱ्याने हातातली गाडीची कागदपत्रं हळूच टेबलावर ठेवली. मला जे हवं होतं ते मिळालं, मागितलं त्याहून जास्त. मला त्याच्या तोंडावर विचारावंसं वाटलं, ही बोंब नर्सच्या वेळी कुठे होती? ती कुणाची कुणी नव्हती का? पण मी त्याच्या बायकोकडे बघितलं. ती उतरत नव्हती. काचेतून पलीकडे केबिनच्या भिंतीकडे टक लावून बघत होती.

"चला," ती म्हणाली.

मी गाडी थोडी मागे घेतली आणि आवाराबाहेर काढली. आरशात तो रस्त्यावरून धावत येताना दिसत होता, पुठ्ठ्याची सोनेरी किल्ली अजून हातातच. मग तो लहान होत गेला.

चौक ओलांडल्यावर मी म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. ही ती गाडी नाही. माझ्या नणंदेची आहे, चांगली आहे. ती मोडकी माझ्या घरी पडली आहे. तुम्हाला मी तिच्यात कधीच बसू दिलं नसतं."

तिने मान हलवली. हायसं वाटल्यासारखी दिसली नाही.

"मग उतरला का नाहीत? तुम्हाला तर ते ठाऊक नव्हतं."

"पाय हलेनात," ती म्हणाली. "हे ओरडत होते आणि समोर दादाचा फोटो दिसत होता." मग म्हणाली, "दादाला गाडी दिली तेव्हा मी तिथेच उभी होते. मीच तर सरबत दिलं. तेव्हा हे नाही ओरडले. फोटो काढला." तिने आरशात बघितलं. "आवारात एवढ्या गाड्या उभ्या आहेत. माझ्या मागे यायला त्यातल्या एकीतही बसले नाहीत. बघितलंत ना?"

मी बघितलं होतं, पण ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तिने फोन काढला आणि भावाला लावला. "दादा, गाडीला हात लावू नकोस. पोरांनाही बसू देऊ नकोस. कारण काय ते येऊन सांगते." एवढंच बोलून ठेवला. ठेवल्याबरोबर तो वाजायला लागला. नवऱ्याचा. वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. तिने तो मांडीवर उलटा ठेवला.

खरं तर आता माझं मन शांत व्हायला हवं होतं. नाही झालं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मीच म्हणाले, "उचला वहिनी. सुखरूप आहे एवढं तरी सांगा. बिचारा..." बिचारा हा शब्द माझ्या तोंडून त्याच्यासाठी निघाला, याचं मलाच नवल वाटलं.

"दादाचं घर उताराच्या पलीकडे आहे," ती म्हणाली. "तिकडेच घ्या. तिथे पोचल्यावर सांगू."

"बरं. जोरात घेऊ?"

"नको," ती म्हणाली. "सावकाश चला."

मांडीवर फोन पुन्हा वाजायला लागला. मी खालचा गिअर टाकला आणि शिकणाऱ्यांना शिकवते तशी, प्रत्येक वळणाला हॉर्न देत, उतार अगदी हळूहळू उतरायला लागले.