चाळीस जणींचा अबोला

टकळीशी कुणी बोलायचं नाही, असं ठरलं ते कारखान्यातल्या सकाळच्या चहाच्या सुट्टीत, आणि ठरलं तेव्हा टकळी तिथंच हातात कप घेऊन उभी होती. शर्टांना कॉलर लावणारी कॉलरवाली म्हणाली, "आजपासून हिच्याशी जी बोलेल ती आमची नाही." कफवाल्या दोघी म्हणाल्या, "बरोबर." मग एकेक करत चाळीस जणींनी माना हलवल्या आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा टकळीच्या नणंदेकडे वळल्या. नणंद ओव्हरलॉकच्या, कापडाच्या कडा बांधायच्या मशीनवर बसायची. तिनं कप खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी तर घरीसुद्धा बोलणार नाही."

दुसऱ्या एखाद्या बाईनं असला अबोला चार दिवसांत पचवला असता. टकळीला तो फाशीसारखा होता. शर्ट शिवायच्या त्या कारखान्यात ती बाह्या जोडायची आणि मशीनच्या आवाजावर आवाज चढवून दिवसभर बोलायची. बसचा कंडक्टर काय म्हणाला, नळ किती वाजता गेला, शेजारणीची मांजर कुणाच्या कपाटात व्याली, तिला काहीही पुरायचं. बायका म्हणायच्या, "हिच्या जिभेला हाड नाही तेच बरं, नाहीतर केव्हाच मोडलं असतं." नवरा ट्रक चालवायचा, पंधरा-पंधरा दिवस बाहेर असायचा. तो पोटासाठी बाहेर राहतो की कानांसाठी, यावरही कारखान्यात विनोद व्हायचे आणि सगळ्यात मोठ्यानं टकळीच हसायची.

तिचा गुन्हा एवढाच, की तिला विचारलं आणि तिनं सांगितलं.

कारखान्याच्या मागच्या खोलीत, जिथं इस्त्रीची टेबलं होती, तिथं एका दुपारी वायर जळाली आणि चिंध्यांच्या ढिगानं पेट घेतला. आग फार मोठी नव्हती. पण मागचं दार बाहेरून कुलूपबंद होतं. बायका त्या दारानं बाहेर जाऊन उभ्या राहतात, काम सोडून गप्पा मारतात, म्हणून सुपरवायझरनं महिन्यापूर्वीच कुलूप लावलं होतं. काजं-बटणं करणारी म्हातारी, जिला सगळ्या बटणमावशी म्हणायच्या, ती दाराकडे धावली. दार उघडेना. परत फिरली ती आगीतून, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून घेतले.

चौकशीला सरकारी साहेब आले. त्याआधीच मालकानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं होतं, "दार उघडं होतं. म्हातारी घाबरली, तिला कडी सापडली नाही. एवढंच म्हणा. नाहीतर कारखान्याला टाळं लागेल, मग बसा घरी." एकेकीला आत बोलावलं. एकेक जण म्हणाली, दार उघडं होतं. टकळीला विचारलं, "दाराला कुलूप होतं का?" आणि टकळी म्हणाली, "होतं की. पितळेचं, एवढं मोठं." धैर्य-बिर्य काही नव्हतं त्यात. तिला कुणी काही विचारलं की उत्तर बाहेर पडायचं. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

साहेबांनी कारखान्याचा वरचा मजला बंद करायला लावला. काम निम्म्यावर आलं. दोन महिन्यांनी सुनावणी आणि तोवर कारखाना राहतो की जातो, कुणालाच माहीत नाही. चाळीस घरांच्या पोटावर पाय आला होता, आणि तो टकळीचा होता, असं चाळीस जणींचं म्हणणं होतं.

अबोला म्हणजे नुसतं न बोलणं नव्हतं. ती पाणी प्यायला गेली की माठाभोवतीचा घोळका पांगायचा. तिच्या मशीनचा पट्टा कुणीतरी सैल करून ठेवायचं. एकदा खुर्चीवर सुई उभी टोचलेली मिळाली. तिनं शिवलेल्या बाह्या उसवून परत तिच्याच टेबलावर आदळल्या जात. घरी तर आणखी वाईट. दोन खोल्यांच्या घरात नणंद तिच्या अंगावरून अशी जायची, की जणू तिथं खांब आहे. ताट वाढून ठेवलं तर तसंच झाकून ठेवायची आणि स्वतःपुरतं वेगळं शिजवायची. टकळी म्हणायची, "वन्सं, दोन शिव्या तरी द्या हो." नणंद भांडी घासत राहायची.

पहिल्या रविवारी टकळी बटणमावशीकडे गेली. निदान मावशी तरी बोलेल, असं तिला वाटलं होतं. मावशी पलंगावर बसली होती, दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, उशीवर ठेवलेले. टकळीला पाहताच तिचा चेहरा आवळला.

"कशाला आलीस?"

"तुम्हाला बघायला, मावशी. मी खरं सांगितलं. कुलूप होतं म्हणून."

"तुला कुणी सांगितलं होतं माझी वकिली करायला? मालक दवाखान्याचं बघत होता. आता म्हणतो, आधी केस मिटू दे. माझ्या जखमेवर पट्टी तू बांधणारेस? तुझं ते खरं घेऊन जा. आणि दार ओढून घे."

परत येताना टकळी रस्त्यात दोनदा थांबली. जिच्यासाठी आपण बोललो असं मनाला समजावत होतो, तिनंच हाकललं. आता कुणाला सांगायचं?

दुपारी जेवायच्या टेबलावर तिच्यासाठी जागा उरली नव्हती. ती डबा घेऊन ताग्यांच्या खोलीत जायला लागली. लांबट, बिनखिडकीची खोली. दोन्ही बाजूंना छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले, मध्ये माणूस जेमतेम बसेल एवढी वाट. कापड आवाज पिऊन टाकतं. दार लोटलं की मशीनचा खडखडाटसुद्धा लांब कुठंतरी गेल्यासारखा वाटायचा.

देवाशी ती आजवर बोलायची ते चालता चालता. बस मिळू दे, नवऱ्याचा घाट नीट पार पडू दे, भात करपू देऊ नको. लहानपणी आई म्हणायची, "देवाशी बोलतेस की भाजीवाल्याशी घासाघीस करतेस?" आता बोलायला दुसरं कुणी उरलंच नाही, तेव्हा तिनं सगळा मोर्चा देवाकडे वळवला. पहिले आठ दिवस तिनं नुसत्या शिव्या घातल्या. कॉलरवालीपासून सुरुवात करून, टेबलं ज्या क्रमानं लागली होती त्या क्रमानं एकेकीचा उद्धार केला. नणंदेला दोन दिवस दिले. मग देवाचाच नंबर लागला. "खरं बोलणाऱ्याच्या पाठीशी तू उभा राहतोस म्हणे. कुठं उभा आहेस? माझ्या पाठीशी तर तागे आहेत. तूही त्यांच्यातलाच. तूही अबोलाच धरलायस."

नवव्या दिवशी ती खोलीत बसली, डबा उघडला, आणि तिच्या लक्षात आलं की शिव्या संपल्या. विहिरीत बादली सोडावी आणि ती खडकावर आपटावी तसं झालं. तिनं आणखी एक-दोन शोधून पाहिल्या, पण त्यांत जीव नव्हता. मग ती गप्प बसली. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणी गप्प केल्याशिवाय.

बोलक्या बाईला एक विद्या आपोआप येते. समोरचं माणूस खरंच ऐकतंय की नुसतं हं हं करतंय, हे तिला पाठीवरूनसुद्धा ओळखता येतं. टकळीनं जन्मभर हं हं ऐकलं होतं. आईचं, नवऱ्याचं, कारखान्यातल्या बायकांचं. त्यामुळे दुसरी गोष्ट समोर आल्यावर ती चुकणं शक्य नव्हतं. त्या खोलीत कुणीतरी ऐकत होतं. मन लावून, घाई न करता. आणि गंमत म्हणजे ती काहीच बोलत नव्हती.

तिनं मागे वळून बघितलं. तागे होते. पांढरे, निळे, रेघारेघांचे. अंगावर काटा आला, पण भीती वाटली नाही. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा डबा तसाच होता.

त्यानंतर ती रोज आत गेल्यावर एकच वाक्य म्हणायची, "देवा, मी आलेय." मग बसायची. दरवेळी काही व्हायचं असं नाही. कितीतरी दुपारी पोट गुरगुरायचं, कॉलरवालीचा राग उसळून यायचा, पाय मुंग्यांनी जड व्हायचे आणि घंटा व्हायची. पण ती जायची. बाहेर सुई टोचणारे हात तेच होते आणि घरी नणंदेच्या लेखी ती अजून खांबच होती. फक्त बाह्या जोडताना आपण आता सारखं मागे वळून बघत नाही, हे तिच्या ध्यानात आलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सुपरवायझर तिच्या मशीनपाशी आला. चक्क खुर्ची ओढून बसला.

"हे बघ, खोटं बोल असं मी म्हणतच नाही. उद्या एवढंच म्हण, की नीट आठवत नाही. आठवत नाही म्हणणं काही पाप नाही. सगळं मिटेल. या सगळ्या परत तुझ्या."

तिनं मान वर केली. सगळी मशीनं थांबली होती. कॉलरवाली तिच्याकडे बघत होती आणि चक्क हसत होती. हसूनच म्हणाली, "टकळे, चहाला ये गं, मघाशीच काढून ठेवलाय."

इतक्या आठवड्यांत कानावर पडलेली ती पहिली हाक. टकळीच्या डोळ्यांत पाणी आलं. एका शब्दासाठी माणूस किती वाकू शकतं, हे तिला त्या क्षणी कळलं. ती उठली आणि चहाकडे न जाता ताग्यांच्या खोलीत गेली.

"सांग काय करू," ती म्हणाली. उत्तर आलं नाही. ती चिडली. "आज तरी बोल." काही नाही. ती भिंतीला टेकून बसून राहिली. भीती होतीच. पण त्या भीतीशेजारी आणखीही कुणीतरी बसलं होतं, आणि ते उठून जायचं नाव घेत नव्हतं. तिनं बराच वेळ वाट पाहिली. मग उठून कामाला लागली. कॉलरवालीनं चहा मोरीत ओतला.

दुसऱ्या दिवशी सुनावणीत ती टेबलाला धरून उभी राहिली. साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, "कुलूप होतं." आणि जन्मात पहिल्यांदा त्यापुढे एक शब्द बोलली नाही.

निकाल लागला. कारखाना बंद करायचा नाही, मागचं दार कायम उघडं ठेवायचं, इस्त्रीची खोली हलवायची, मालकाला दंड. दवाखान्याचा खर्चही मालकानंच करायचा. बटणमावशीच्या पट्ट्या पुन्हा वेळेवर बदलल्या जाऊ लागल्या, पण मावशीनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. आठवड्याभरानं मालकानं बारा बायका कमी केल्या. यादीत पहिलं नाव टकळीचं. बाहेर पडताना, कमी झालेल्यांतली एक कफवाली तिच्या पायांपुढे थुंकली.

त्या संध्याकाळी टकळी भाजी चिरत बसली होती. नणंद कामावरून आली, चप्पल काढली आणि दारातच उभी राहिली.

"झालं समाधान?" नऊ आठवड्यांनंतरचे तिचे पहिले शब्द ते.

टकळीनं थोडा विचार केला. "हो," ती म्हणाली.

"रड तरी मेले! नोकरी गेली तुझी. उद्या माझीही जाईल."

"रडले सकाळी."

नणंद आत आली, पाटावर बसली, लगेच उठली, पुन्हा बसली. "त्या ताग्यांच्या खोलीत काय करायचीस? आम्ही म्हणायचो, ही आम्हाला शाप देत बसते."

"पहिले आठ दिवस शापच देत होते."

"मग?"

"मग संपले."

"आणि मग काय मागितलंस?"

"काही नाही, वन्सं. बसायचे. देव असायचा."

"देव असायचा!" नणंदेनं तोंड वेंगाडलं. "जसा काही शेजारच्या मशीनवर बसून ओव्हरलॉक मारतोय." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आगीच्या दिवशी ते मागचं दार आधी मी ओढलं होतं. मावशीच्या आधी. उघडेना, तेव्हा कुलूप आठवलं आणि मी मागे पळाले. तिला ओरडून सांगितलं नाही. आणि साहेबांना सांगितलं, दार उघडं होतं. मी जर तुझ्यासारखी गप्प बसले, तर मला तेच दार खडखडताना ऐकू येईल."

टकळीच्या जिभेवर दहा गोष्टी आल्या. तिनं त्यातली एकच उचलली. "मग तेच ऐका."

"तू तोंड बंद कर!"

"नऊ आठवड्यांनी बोललात, आणि बोललात काय, तर तोंड बंद कर!"

नणंदेच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसू काही आलं नाही. तिनं टकळीच्या पुढ्यातली विळी ओढून घेतली आणि उरलेली भाजी रागारागानं चिरून टाकली. त्या दिवशी दोघींचं एकत्र शिजलं. मीठ जास्त झालं होतं. दोघींनी तसंच खाल्लं.

सकाळी नणंद नेहमीपेक्षा लवकर निघाली. थोड्या वेळानं टकळीही निघाली. दोन रस्ते पलीकडच्या धोबीखान्यात रफू करायला बाई हवी, असं तिनं ऐकलं होतं. घरून खाली उतरताना मधल्या मजल्याच्या जिन्यात नणंद बसलेली होती. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर, डोळे मिटलेले, कपाळाला आठ्या. बस केव्हाच गेली असणार. पावलं ऐकून तिनं डोळे न उघडता गुडघे बाजूला घेतले आणि वाट दिली.

टकळी तिच्या अंगावरून खाली उतरली, एक शब्दही न बोलता. आणि ते तिला किती जड गेलं, देवालाच ठाऊक.