इंटरव्हलनंतरचा ॲन्सेल्म

नंदाखाल गावच्या ॲन्सेल्मने तरुणपणी एका भुताच्या सिनेमात हिरोचं काम केलं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सिनेमा मात्र कुणीच पाहिला नव्हता. चार दिवसांत तो थिएटरातून उतरला होता. लग्नाला अठरा वर्षं झाली, तरी उर्सुलाने विषय काढला की नवरा "पोरखेळ होता तो" म्हणत केळीच्या वाडीत निघून जायचा.

१९९६ साली केबलवाल्या जॉनला कुठूनशी त्या सिनेमाची कॅसेट मिळाली. रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर तो व्हीसीआर घेऊन ॲन्सेल्मच्या घरीच आला. शेजारीपाजारी जमले. ॲन्सेल्म तेवढा केळींना पाणी सोडायला म्हणून सटकला.

सुरुवातीला सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. वटवाघळाची दोरी दिसत होती. समुद्रात बुडालेला ॲन्सेल्म भूत होऊन परतला, तर गालावरची पावडर सदऱ्यावर गळत होती. उर्सुलासुद्धा डोळ्यांत पाणी येईतो हसली.

इंटरव्हलनंतर भूत आपल्याच घराच्या खिडकीशी येऊन उभं राहिलं. आत बायको मुलांना भात वाढत होती. तिला हाक मारायला त्याने ओठ उघडले, पण तिचं नावच आठवेना. संगीत नाही, किंकाळी नाही. फक्त तो चेहरा आणि त्या चेहऱ्यावरची आठवण्याची धडपड.

खोली चिडीचूप झाली. म्हाताऱ्या आल्बिनामावशींनी क्रूसाची खूण केली. उर्सुलाच्या अंगावर सरसरून काटा आला. रोज आपल्या हातचं जेवणारा हा माणूस, आणि त्याच्यात हे होतं?

ती अनवाणीच वाडीत धावली.

"अहो, खिडकीपाशी ते कसं केलंत तुम्ही?"

"लोक हसले ना?"

"आधी हसले. मग श्वास घ्यायचंही भान राहिलं नाही कुणाला."

ॲन्सेल्मने फावडं खाली ठेवलं. "पहिल्याच खेळाला लोक इतके हसले, की मी इंटरव्हललाच उठून आलो. पुढचं कधी पाहिलंच नाही."

"पण केलंत कसं?"

"बाबा शेवटी शेवटी आईचं नाव विसरले होते. ती ताट घेऊन समोर यायची आणि ते तसेच बघत राहायचे. मी फक्त त्यांना आठवलं."

उर्सुलाने त्याचा चिखलाने माखलेला हात धरला आणि त्याला घरी आणलं. तो आत येताच आल्बिनामावशी उठल्या आणि त्यांनी आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. जॉनने न सांगताच कॅसेट खिडकीच्या प्रसंगापर्यंत मागे फिरवली.