एका मार्काने पास

शिकवणीच्या बाईंच्या हाताखालून नापास होऊन बाहेर पडलेलं मूल अजून जन्माला यायचं होतं. शेजारणीचा पोपट शिटीपलीकडे काही बोलत नसे. बाईंनी त्याच्याकडून साताचा पाढा घोटून घेतला. पुढे तो शिटी विसरला, तो भाग वेगळा.

त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "खारूची एक चाचणी घेऊ, प्रवेश त्यावर ठरेल," तेव्हा बाईंनी कान टवकारले.

खारू ही त्यांची नऊ वर्षांची लेक. वर्षभरापूर्वी तिच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना चोर सोडून घरमालकाच्याच डोक्यात काठी घालायची हुक्की आली. मेंदूला सूज. औषधं झाली, सुया झाल्या, पहारेकरी ऐकेनात. सकाळचं दुपारी आठवेना, वर झटके. आता एका प्रयोगात तिच्याच हाडांतल्या मूळ पेशी काढून, वाढवून, परत तिच्यात सोडणार होते. त्या पहारेकऱ्यांची समजूत घालतील अशी आशा होती. खात्री कुणीच देत नव्हतं. जागा बारा, त्यातल्या अकरा भरलेल्या.

बाईंना गेल्या तपासणीतले प्रश्न तोंडपाठ होते. महिनाभर त्यांनी पोरीला रगडलं. ऐकून लक्षात ठेवायचे पाच शब्द: छत्री, साबण, कुलूप, बोट, चिमणी. दात घासताना, वेणी घालताना, झटका ओसरल्या ओसरल्या.

"अगं, तिला श्वास तरी घेऊ दे," लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा म्हणाला.

"श्वासाला मार्क नाहीत."

चाचणीत खारूने तीसपैकी एकोणीस मिळवले. बाईंनी आनंदाने नवऱ्याचा दंड असा दाबला की वळ उठला.

"छान सुधारणा आहे," म्हणत डॉक्टरांनी फाइल मिटली. "म्हणजे आता प्रयोगात घेता येणार नाही. अठरा किंवा कमीच लागतात. फॉर्मच्या चौथ्या पानावर दिलंय."

प्रश्नपत्रिका दोनदा वाचा, असं पोरांना बजावणाऱ्या बाईंनी फॉर्म भरताना फक्त अक्षर सुवाच्य आलंय ना, एवढंच पाहिलं होतं.

"डॉक्टर, पेपर फुटला होता. मीच फोडला. रद्द करा."

"शिकवलेलं तिच्या लक्षात राहिलं ना, बाई. तेच तर मोजतो आम्ही."

"काही राहत नाही हो! नापास आहे ती! मी लिहून देते!"

बावीस वर्षांच्या शिकवणीत हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

"मग परत घ्या चाचणी," बाई म्हणाल्या.

"तीन महिन्यांनी घेता येईल. जागा मात्र आजच भरतेय."

बाहेर एक आजोबा नातीला मांडीवर घेऊन बसले होते. तिला सात पडले होते. बाईंना त्यांचा हेवा वाटला, आणि लगेच स्वतःची शिसारी आली.

तिघं लिफ्टमध्ये शिरले. नवऱ्याने सवयीने दाराच्या फटीत बोट फिरवलं. "दार अडकतंय," तो म्हणाला. "तेल घालत नाहीत लेकाचे."

खारूने कुणी न विचारता घडाघडा म्हटलं, "छत्री, साबण, कुलूप, बोट, चिमणी!" पाचच्या पाच, क्रमाने. मग तिने बाईंची बाही ओढली.

"काकू, माझी आई कुठाय?"

हा प्रश्न पेपरात नव्हता. त्याचा सराव बाईंनी घेतला नव्हता.