खोलीत कोणी नाही

“खरं सांग कलाबाई, मशीन तूच बंद करून गेली ना?”

डोक्यावरची मासोळीची रिकामी टोपली खाली ठेवायचंही भान गीताबाईला राहिलं नव्हतं. मोहाडीचा बाजार उरकून भर दुपारी ती घरी आली, तर खोलीची नुसती भट्टी झालेली. भिंतीवरचा एसी मुका, आणि खाटेवर तिचा नवरा धनराज घामानं निथळत पडलेला. ती तशीच शेजारच्या दारात येऊन उभी राहिली होती.

“मी काहून बंद करू माय?” कलाबाई उसळली. “दोनदा जाऊन आली. पाणी पाजलं त्याइले. मी होती तोवर तं मस्त चालू होती.”

“मंग का भुतानं बंद केली?”

“तुह्या मशीनलेच विचार!” म्हणून कलाबाईनं दार लावून घेतलं.

गीताबाई तणतणत परतली. ओला फडका पिळून धनराजचं अंग पुसायला लागली, तोच एसी आपला आपणच सुरू झाला! ती बघतच राहिली. आणि मग तिच्या डोक्यात आलं, की रिमोट तर पेटीत, पेटीची किल्ली आपल्या गळ्यात. कलाबाईनं बंद केला तरी कशानं? पण हे शहाणपण भांडण झाल्यावर सुचलं, त्याला काय करता!

पौषात धनराजला लकवा मारला. वाचा गेली, उजवं अंग गेलं. “मे महिना जपा, यांना गर्मी सोसणार नाही,” असं डॉक्टरनं बजावलं, तेव्हापासून गीताबाईनं उन्हाळ्याची धास्तीच घेतली होती. पुण्याहून मुलगा प्रफुल्ल आला आणि त्यानं एसी लावून दिला. “हुशार मशीन आहे माय, वीज वाचवते. आपलीच चालते, आपलीच थांबते. तू हात नोको लावू.” तिनं खरंच बोटसुद्धा लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वायरमन सेवकरामला बोलावलं. तो तासभर बसला, चहा प्याला, पंखा खोलून पुसून दिला. एसी पाहुण्यांसमोरच्या पोरासारखा शहाण्यासारखा वागला.

“वहिनी, टंच आहे मशीन. तुमालेच भास होऊन राहिला.”

तो गेला. गीताबाई अंगणात जाळं वाळत घालून आली, तर पुन्हा बंद! आता काय म्हणावं या कर्माला? नजर लागली असेल, दुसरं काय. अख्ख्या टोलीत, एवढ्या घरांच्या वस्तीत, एसी आपल्याकडेच. तिनं मीठ-मिरच्या घेतल्या आणि एसीची दृष्ट काढायला लागली. तिसऱ्या फेऱ्याला तो घरघरत सुरू झाला. गीताबाईनं हात जोडले. पण चुलीत मिरच्या टाकून, भात टाकून ती परत आली, तर तेच.

“अजी, तुमाले तरी कळून राहिलं का काही?” तिनं नवऱ्याला विचारलं. धनराजनं डोळे मिटून घेतले. तिला रडूच आलं. शेवटी तिनं पुण्याला फोन लावला, मोठा आवाज करून खाटेवर ठेवला आणि चुलीवरच्या भाताकडे लक्ष राहावं म्हणून स्वतः उंबऱ्याबाहेर बसली.

“थांब, ॲपवर पाहतो,” प्रफुल्ल म्हणाला. “नाही माय, मशीन बरोबर चालून राहिली. आता बंद झाली ना, तवा खोलीत कोणी नव्हतं. कालही अकरा ते एक कोणी नव्हतं. मंग ती बंदच होते.”

“कोणी नव्हतं म्हंजे? तुहा बाप होता ना!”





“माय… ती हालचालीवर ओळखते. माणूस हालला का तिले समजते. मी… मह्या ध्यानातच नाही आलं.”

गीताबाईनं खाटेकडे पाहिलं. तलावाच्या पाळीवर गळ टाकून हा माणूस तासन्‌तास असा बसायचा, की बगळा येऊन शेजारी उभा राहायचा. तेव्हा सगळी टोली त्याच्या त्या न हलण्याचं कौतुक करायची. आणि या हुशार मशीनच्या लेखी तो घरात नव्हताच! तिला मशीनचा राग आला, पोराचा आला, आणि कलाबाईला आपण काय काय बोललो ते आठवून स्वतःचाही आला.

“हे हालचाल पाहणं बंद करतो मी इथूनच,” प्रफुल्ल घाईघाईनं म्हणाला. “आता चालूच राहील, बाबा हालोत का न हालोत.”

“थांब,” गीताबाई म्हणाली. धनराजचे डोळे उघडे होते, फोनकडे लागले होते. त्यानं सगळं ऐकलं होतं. चादरीवरचा त्याचा डावा हात थरथरला, सरकला, आणि इंचाइंचानं वर उठला. कोपर लटपटत होतं. कपाळावरची शीर फुगली होती. एसीवर हिरवा दिवा लागला आणि गार वारा आला.

“माय, खोलीत माणूस दिसून राहिला मले!” प्रफुल्लचा आवाज चिरकला. “बाबा! दिसले तुम्ही!”

“दिसले म्हणते हो पोरगा,” गीताबाईनं डोळे पुसले. “ठेवा आता हात खाली. दुखंल.”

धनराजनं हात खाली घेतला नाही.