दाराकडे तोंड केलेल्या माश्या

पुस्तक वाचायचं खूळ गेन्झोभाऊंचं. टपालकचेरीतून निवृत्त झाल्यापासून या माणसाला स्वस्थ बसवत नाही. मधमाश्या कशा वागतात यावरचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्या मुलाने धाडलं, आणि यांनी दर रविवारी माझ्याच ओसरीवर बसून ते मोठ्याने वाचायला घेतलं. चहा माझा, उकडलेली रताळी माझी, आणि वर ऐकायचंही मीच!

ऐकायला दुसरे आमचे दाजी, तोकुजिरो. माझ्या थोरल्या बहिणीचे, किनुएताईचे यजमान. उभा जन्म समुद्रावर माकूळ मासे पकडण्यात गेला. मधमाश्या पाळायची ती ताई, त्यांच्या वस्तीचा पोकळ ओंडका घरामागच्या टेकडीवर चेस्टनटच्या झाडांत उभा असायचा. ताई गेली आणि त्याच हिवाळ्यात तिच्या माश्याही ओंडका सोडून गेल्या. दाजींनी होडी किनाऱ्यावर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं. मला वाटलं, हेही चालले आता.

आणि मग या मे महिन्यात त्या रिकाम्या ओंडक्यात आपसूक माश्या आल्या. दाजी उठले. दाढी केली. रोज सकाळी ओंडक्यासमोर जाऊन बसायला लागले. "किनुएने पाठवल्या," म्हणायचे. आम्ही कोण हसणार? टेकडीवर मात्र कोणाला फिरकू देत नव्हते, माश्या बिथरतील म्हणून. राहू दे, म्हटलं, नवशिक्याचं कौतुक.

त्या रविवारी त्यांची लेक मिसाओ समुद्रापलीकडच्या फुकुओकाहून आली होती, रीतीप्रमाणे आईच्या कबरीला पाणी घालायला. तीच चहा ओतत होती. गेन्झोभाऊंनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "'मोहोळाच्या दारात उभं राहून पंखांनी वारा घालताना आपली देशी माशी तोंड बाहेर करते. परदेशी माशी तोंड दाराकडे करते. एवढ्यावरून दोघी लांबूनही ओळखू येतात.'"

"साफ खोटं!" दाजी म्हणाले.

"छापलंय, तोकुजिरो."

"छापलं म्हणून काय झालं? मी रोज बघतो. ढुंगण बाहेर, तोंड आत! लिहिणाऱ्याला म्हणावं, बेटावर ये आणि डोळे उघडून बघ."

मी फसकन हसले. पण गेन्झोभाऊ हसत नव्हते.

"सगळ्या तशाच उभ्या राहतात?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकजात सगळ्या!" दाजींनी छाती फुगवली.

मी हातातलं रताळं खाली ठेवलं. आमच्या बेटावर परदेशी माशी कधी आलेली नाही, कोणी येऊ दिलेली नाही. ती आली की देशी मोहोळात बिनबोभाट शिरते आणि सगळा मध उपसून नेते. गेल्याच महिन्यात माझ्या स्वतःच्या माश्यांचा ओंडका कोरडाठाक झाला होता. एक थेंब मध नाही, खाली मेलेल्या माश्यांचा खच. मी गांधीलमाश्यांना शिव्या घालत बसले होते!

चहा तसाच टाकून आम्ही टेकडी चढलो. ओंडक्याच्या दारापुढच्या फळीवर त्या ओळीने उभ्या होत्या. थोराड, पिवळट, तोंडं दाराकडे, आमच्याकडे पाठ.

"अगं बाई," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

मिसाओ मागून पुढे आली. "मी आणल्या," ती म्हणाली. "मे महिन्यात, पेटीतून, बोटीने. बाबा अंथरुणावर पडून होते तेव्हा गुपचूप ओंडक्यात सोडल्या."

"कार्टे! अक्कल गहाण टाकली होतीस? एका मधवालीची लेक तू!"

"पंधराव्या वर्षी इथून गेले मावशी, मला काय कळतं? विकणारा म्हणाला, देशी माश्या रुसून निघून जातात, या जात नाहीत." ती रडायला लागली. "बाबांना सोडून आणखी कोणी जायला नको होतं."

मला तिला फटकावायचं होतं. पण दाजी माझ्याकडे वळले आणि लहान मुलासारखं विचारलं, "म्हणजे किनुएने नाही पाठवल्या?"

माझा सगळा राग तिथेच गळाला. मी बाहीने डोळे पुसले.

"या इथे राहिल्या तर बेटावरचं एकही मोहोळ वाचणार नाही," गेन्झोभाऊ म्हणाले. "सांजेला सगळ्या आत आल्या की दार बंद करू. मग गंधकाचा धूर देऊन मारून टाकतो मी. तू बघू नकोस."

"दार मी बंद करतो," दाजी म्हणाले. "पण धूर द्याल तर माझ्याशी गाठ आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर इंजिनाची धडधड ऐकू आली. धावत गेले तर काय, दाजींची होडी पाण्यात! मधोमध ओंडका, तोंडाला जाळी, भोवती ओलं पोतं, दोरांनी घट्ट बांधलेला. शेजारी कपड्यांचं बोचकं, भाताचं भांडं आणि ताईचा फोटो. मिसाओही होडीत पांढरीफटक होऊन बसलेली.

"हे काय दाजी? पोचवून परत येताय ना?"

"मिसाओच्या घरामागे संत्र्यांची बाग आहे. तिथे सगळ्यांच्याच माश्या अशा. कोणाचं नुकसान नाही."

किती वर्षं पोरगी पाया पडत होती, बाबा, माझ्याकडे चला. आणि हा माणूस म्हणायचा, या बेटावरून माझी राखसुद्धा हलणार नाही!

"डोकं फिरलंय तुमचं! ताई इथे, घर इथे! आणि माश्या त्या, विकतच्या! ताईने नाही पाठवल्या हो!"

"कालच कळलं ते." ते दोर सोडत होते. "पण पोरीने पाठवल्या ना. रोज सकाळी मला उठवत होत्या त्या." मग म्हणाले, "कबरीवर पाणी घालत जा, तोमिए. तिला गारवा लागतो."

मी ओरडत राहिले, वाट्टेल ते बोलले. होडी बंदराच्या बांधाबाहेर पडली. सुकाणू धरून दाजी ओंडक्याकडे तोंड करून बसले होते, आमच्याकडे पाठ. एकदाही वळून बघितलं नाही माणसाने.